कसरीने खाल्लेली ओळ

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. ज्या कुणी ही म्हण केली त्याच्या घरात कसर लागलेलं कवितांचं पुस्तक कधी शिरलं नसावं. निपाणीच्या धरणेंद्र चौगुल्यांचं घर वडिलांनी बांधलेलं होतं आणि लग्नही वडिलांनीच ठरवलेलं होतं, त्यामुळे स्वतःच्या हिमतीवर अंगावर घेतलेलं असं त्यांचं आयुष्यातलं पहिलंच काम म्हणजे ही पुस्तकाची दुरुस्ती. ते त्यांना चांगलंच भोवलं.

पुस्तक सापडलं बेळगावला लागून असलेल्या शाहापुरात. बायकोसाठी लुगडं आणायला धरणेंद्र बेळगावला गेले होते, तर तम्मण्णा विणकराच्या घरी कांड्या भरायच्या रहाटाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली हे पुस्तक घातलेलं. धरणेंद्र व्हर्नाक्युलर फायनल पास झालेले, तंबाखूच्या वखारीत हेडकारकून. छापील अक्षर कुणाच्या पायाखाली गेलेलं त्यांना सोसत नसे, मग तो रहाटाचा पाय का असेना. त्यांनी रहाटाखाली वीट सारली आणि पुस्तक काखेत मारलं. लुगडंही आणलं होतं, म्हणून चंदनाताईंनी पुस्तकाला उंबरा ओलांडू दिला.

पुस्तक शिळाप्रेसवर छापलेलं, जाड काळ्या अक्षरांचं. पहिली पानं नव्हती, शेवटची नव्हती, त्यामुळे कवी कोण, छापलं कुठं, काही म्हणजे काही कळायला मार्ग नव्हता. आत सगळ्या जुन्या धाटणीच्या कविता. मोहिमेवर गेलेले शिलेदार आणि घरी झुरणाऱ्या त्यांच्या बायका. रविवारी दुपारी बाहेरच्या सोप्यात बसून धरणेंद्रांनी चालीवर वाचायला सुरुवात केली. चंदनाताई शेवग्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पहिल्यांदा त्या ऐकत नव्हत्या. मग शेंगा तशाच राहिल्या.

‘बारा वर्षे मोहिम करुनी धनी परतला दारी,
कडी वाजवी, हाक घालतो, उघड उघड गे नारी!
आतुन बोले नार तयाला—’

आणि धरणेंद्र थांबले.

“काय म्हणाली?” चंदनाताईंनी विचारलं.

“पुढली दोन पानं चिकटलीत.”

“मग सोडवा की!”

धरणेंद्रांनी कोपरा धरून जरासं ओढलं, तर एक वेलांटी निघून बोटाला आली. ती त्यांनी परत जागेवर ठेवून बघितली, पण वेलांटीनं काही ऐकलं नाही. पुस्तक दुरुस्तच करायला पाहिजे, असं त्यांनी त्याच बैठकीत जाहीर करून टाकलं. चंदनाताईंना दुरुस्तीशी कर्तव्य नव्हतं. बारा वर्षांनी दारात आलेल्या नवऱ्याला ती बाई काय म्हणाली, एवढंच त्यांना पाहिजे होतं, आणि ते कळेपर्यंत त्यांनी घरात कुणाला सुख लागू दिलं नाही. आमटी अळणी झाली तरी कारण तेच आणि दूध उतू गेलं तरी तेच.

सल्ला द्यायला आपल्याकडे माणसं कमी नाहीत. वखारीतला तोलार परशराम म्हणाला, “अण्णा, त्यात काय हाय? किड्यावर रॉकेल मारा आन् पाठीला सरस लावा. जलमभर हालत न्हाय.”

हे घरी सांगायची देर, ब्राह्मीआक्का माजघरातून बाहेर आल्या. आक्का म्हणजे धरणेंद्रांची थोरली बहीण. नवरा संसार सोडून मुनिसंघाबरोबर उत्तरेकडं गेला आणि दीक्षा घेऊन तिकडचाच झाला, तेव्हापासून आक्का भावाकडे होत्या. गाव त्यांना मोठी पुण्यवान बाई म्हणायचं. आक्का त्यावर नुसतं “व्हय” म्हणून तांदूळ निवडायला लागायच्या.

“सरस?” आक्का म्हणाल्या. “कातडी शिजवून करत्यात त्यो? ह्या घरात? आन् रॉकेल मारून जीव मारणार व्हय रं, धरण्या? तुज्या कवितेपायी?”

“मग कसर खाऊन टाकील पुस्तक, आक्का.”

“खाईल. तिला प्वाट न्हाय का?”

शेवटी आक्कांनीच मोरपीस घेतलं आणि उन्हाला बसून एकेक किडा अल्लाद झटकून करवंटीत गोळा केला. आता प्रश्न आला त्यांना सोडायचं कुठं. परसात सोडावं तर खायला कागद नाही, उपाशी मरतील, म्हणजे पाप ते पापच. तेव्हा धरणेंद्रांचं गेल्या सालचं पंचांग त्या कसरीला राहायला आणि खायला देण्यात आलं आणि ते पंचांग शेजारच्या कलगोंडाआप्पांच्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवलं. पुढं आप्पांच्या दुकानातल्या वह्यांना कसर लागली, ती कुठून आली हे आप्पांना अखेरपर्यंत कळलं नाही, आणि चौगुल्यांच्या घरातून कळण्यासारखं नव्हतं.

कलगोंडाआप्पा तंबाखूचे व्यापारी आणि बस्तीचे पंच. आपल्याकडे जैनांच्या देवळाला बस्ती म्हणतात, आणि तिथं आप्पांच्या शब्दाबाहेर घंटासुद्धा वाजत नसे. भिंतीवरून डोकावून ते म्हणाले, “पाठीत बसलेली कसर अशी निघायची न्हाय, अण्णा. पानापानात तंबाखू घाला. जीव मरत न्हाय, आपसूक उठून जातोय. पर पुस्तक म्हणायचं कसलं ह्ये?”

आता चाळिशी उलटलेल्या, दोन पोरी उजवलेल्या हेडकारकुनानं बस्तीच्या पंचाला काय सांगावं? की सैल चोळीच्या आणि ओल्या उशीच्या कविता आहेत म्हणून? धरणेंद्रांनी घसा साफ केला.

“जुना ग्रंथ आहे,” ते म्हणाले.

“वा!” आप्पा म्हणाले, आणि त्यांनी भिंतीपलीकडूनच हात जोडले. धरणेंद्रांनी आप्पांना तिथल्या तिथं सांगायला पाहिजे होतं, पण जोडलेले हात सोडवायचे कसे, हे कुणाला येतं?

निपाणीत तंबाखूला काय तोटा, असं तुम्ही म्हणाल. पण ते लढाईचं साल होतं, आणि सरकारनं तंबाखूवर नवीन एक्साइज बसवली होती. वखारीतून पान बाहेर न्यायचं तर परवाना पाहिजे. धरणेंद्रांनी दुपारच्या सुट्टीत वखारीत बसून पानापानात तंबाखूची पानं घातली, पुस्तक पंच्यात बांधलं आणि घरी निघाले. दारात एक्साइजचा इन्स्पेक्टर उभा होता. धारवाडकडचा होता, नवीन होता आणि नोकरी मनावर घेणारा होता.

“एन्री इदु? काय ह्ये?” त्यानं विचारलं.

“कविता.”

“आनि ह्ये?”

“तंबाखू.”

इन्स्पेक्टरानं कडब्यात दडवलेला तंबाखू धरला होता, गादीत धरला होता, नवरीच्या पेटीत धरला होता. कवितेत पहिल्यांदाच धरत होता. त्यानं परवान्याचा कागद काढला. त्यात माल कशासाठी चालला, त्याला तीनच जागा: ओढण्यासाठी, खाण्यासाठी आणि तपकिरीसाठी. कसरीनं उठून जावं म्हणून चौथी जागा सरकारनं ठेवली नव्हती. बराच काथ्याकूट झाल्यावर दोघांनी मिळून तपकिरीवर खूण केली. मग वजन. पुस्तकासकट करावं तर कवितेवरही एक्साइज बसणार. म्हणून सगळी पानं परत बाहेर काढली, परशरामानं ती तोलली, पुन्हा आत घातली, आणि या घालाकाढीत पुस्तकाची शिवण होती नव्हती तेवढी सुटून गेली.

तोवर इन्स्पेक्टर उभ्या उभ्या वाचत होता. चिकटलेल्या पानापाशी तो थांबला.

“मुंदे? पुढं काय?”

“तेच तर बघायचंय, साहेब.”

“कळलं की सांगा,” तो म्हणाला, आणि शिक्का मारून त्यानं वाट सोडली.

कसर उठून गेली, हे आप्पांचं खरं झालं. पण तंबाखूचा चुरा राहिला तो राहिलाच. धरणेंद्रांनी वाचायला पुस्तक उघडलं की पहिल्या चरणाला नाक हुळहुळायचं आणि दुसऱ्याला शिंका सुरू. विरहाच्या कवितेत तर डोळ्यांतून धारा लागायच्या. रस्त्यानं जाणारे येणारे खिडकीतून बघायचे आणि चौगुले अण्णा ग्रंथ वाचताना रडतात, अशी गावात बातमी झाली. चंदनाताई नाकाला पदर लावून ऐकायच्या. “आता ती बाई काय बोलली आसंल तर ‘तपकीर वडू नगा’ असंच बोलली आसंल,” त्या म्हणाल्या.

अशात तम्मण्णा लुगड्यांचं गाठोडं घेऊन निपाणीच्या बाजारला आला होता, तो घरी डोकावला. आपल्या रहाटाखालचं पुस्तक इतक्या वैभवात बघून त्याला कौतुक वाटलं. “अण्णा, कागद लई मऊ पडलाय,” तो म्हणाला. “आमी सुताला खळ देतो तशी द्या की. ताठ ऱ्हातंय.”

खळ म्हणजे तांदळाची पातळ पेज. तीत कातडं नाही, जीव नाही. आक्कांनी परवानगी दिली, इतकंच नव्हे तर खळ शिजवूनही दिली. धरणेंद्रांनी सुटलेली पानं एकेक करून कुंचल्यानं माखली आणि सोप्यात दोरीवर वाळत घातली. अंबुबाई शेजारीण येऊन, पापड उडदाचे की नाचणीचे, विचारून गेली. वाळल्यावर पानं खरोखरच पापडासारखी वाजायला लागली. चंदनाताईंनी ती सुईदोऱ्यानं गोधडीच्या टाक्यानं शिवली. पुस्तक असं तयार झालं की रहाटाखाली परत घातलं असतं तर रहाट मोडला असता.

फक्त एक झालं. जी दोन पानं मुळात चिकटली होती, त्यांच्यामध्ये खळ उतरली आणि त्यांचा पुठ्ठा झाला.

चंदनाताईंनी तो पुठ्ठा हातात घेऊन बघितला. “एवढा उपद्व्याप करून बाईचं त्वांडच बंद केलं म्हणा की,” त्या म्हणाल्या. धरणेंद्रांना ते फार लागलं. दिवस मावळल्यावर जैनांच्या घरात ताट वाढत नाहीत, म्हणून रात्री ते जेवायचे नव्हतेच, पण त्या दिवशी दुपारीही जेवले नाहीत.

आणि मग श्रुतपंचमी आली. त्या दिवशी बस्तीतले जुने ग्रंथ बाहेर काढतात, झाडतात, पुसतात, नव्या वेष्टनात बांधतात आणि त्यांची पूजा करतात. घराघरातली शास्त्रंही मागून नेतात. धरणेंद्र वखारीतून आले तर पुस्तकाचा कोनाडा रिकामा.

“बस्तीतली माणसं आलती,” आक्का म्हणाल्या. “दिलं.”

“अगं आक्का, ते... तसलं नव्हे ते!”

“कसलं न्हवं? तूच आप्पाला म्हणालास न्हवं, जुना ग्रंथ हाय म्हणून? किडा मारला न्हाय, सरस लावला न्हाय. एवढं सोवळं दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला करत्यात?”

धरणेंद्र अनवाणी पळत बस्तीत गेले. पुस्तक पालखीत होतं. कलगोंडाआप्पांनी दिलेल्या तांबड्या रेशमी वेष्टनात ते बांधलेलं, वर हार, पुढं आरती. अजूनही सांगता आलं असतं. धरणेंद्रांनी तोंड उघडलंही, पण तेवढ्यात आप्पांनी त्यांना पुढं ओढून डोक्यावर फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि सगळ्या समाजापुढं सांगितलं की, अशी ग्रंथभक्ती निपाणीत कुणी बघितली नाही, हा माणूस वाचताना रडतो! धरणेंद्रांना लग्नानंतर कुणी फेटा बांधला नव्हता. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि वाकून नमस्कार केला. पुस्तक कपाटात गेलं, आणि कपाटाची किल्ली आप्पांच्या कमरेला.

घरी आल्यावर चंदनाताईंनी फेट्याकडं एकदा बघितलं. “ह्ये बरं झालं. डोस्क्याला फेटा आला आन् बाईचं उत्तर गेलं.” मग त्या बोलायच्या बंद झाल्या, ते थेट धरणेंद्रांनी उपाय काढेपर्यंत.

उपाय असा: ग्रंथ घरी नेता येत नाही, पण बस्तीत बसून वाचायला कुणाची ना नाही. दिवेलागणीला जाऊन एका खांबाआड बसावं, पानं सोडवावीत, उत्तर बघावं आणि घरी येऊन सांगावं. खळ कशी सुटेल तेही चंदनाताईंनी सांगून ठेवलं. लुगडं पाण्यात घातलं की खळ जातेच की, म्हणाल्या, ओलं फडकं ठेवा वर. धरणेंद्र अंघोळ करून, सोवळं नेसून बस्तीत गेले आणि खांबाआड बसले. पण ज्यांना एकदा फेटा बांधला त्यांना खांब पुरत नाही. आप्पांनी त्यांना हाताला धरून मधोमध चौरंगापुढं बसवलं, भोवती समाज बसला. पुरुष एकीकडं, बायका एकीकडं. शेजारी बस्तीचे पुजारी, उपाध्ये.

“मोठ्यानं वाचा, अण्णा,” आप्पा म्हणाले, “आन् अर्थ सांगा.”

धरणेंद्रांनी चौरंगावरचं पुस्तक पुढं ओढलं. पुस्तक उघडलं ते नेमकं जिथं उघडायला नको तिथं.

‘सैल जाहली चोळी अंगी, कंकण उतरे हाती...’

सगळे ऐकत होते. उपाध्यांच्या भुवया वर जायला लागल्या. धरणेंद्रांना एक शिंक आली, आणि शिंकेबरोबर बुद्धी आली.

“चोळी म्हणजे कर्म,” ते म्हणाले. “जीवाला घट्ट आवळून बसलेलं कर्म. ते तपानं सैल होत चाललंय. याला म्हणायचं निर्जरा.”

“आहाहा!” आप्पा म्हणाले. उपाध्यांच्या भुवया हळूहळू खाली आल्या.

मग काय विचारता! कंकण म्हणजे परिग्रह झाला, ओली उशी म्हणजे पश्चात्ताप झाला, शिलेदार म्हणजे भटकणारा जीव आणि त्याचा घोडा म्हणजे चंचल मन. धरणेंद्रांना स्वतःचंच नवल वाटायला लागलं. ऐकायला माणूस वाढला. बायकांच्या बाजूला तर बसायला जागा मिळेना, सगळ्या उजेडीच जेवणं आटपून, चुली सारवून लवकर यायच्या. एकदा मागं दाराशी पायताण काढून एक्साइजचा इन्स्पेक्टरही हात जोडून बसलेला दिसला. जसजसं ते पान जवळ यायला लागलं तसतशा चंदनाताई पुढं पुढं सरकून बसायला लागल्या. आक्का मात्र आपल्या जागी भिंतीला टेकून, डोळे मिटून असायच्या. झोपतात, असं सगळ्यांना वाटायचं.

ते पान यायचं होतं त्या दिवशी धरणेंद्रांनी पूजा चालू असतानाच पुठ्ठ्यावर ओलं फडकं दाबून ठेवलं होतं. वाचता वाचता ते थांबले. ‘आतुन बोले नार तयाला...’ फडकं काढलं. नखानं कोपरा उचलला. खळ सुटली होती. पान हळूच वर आलं. धरणेंद्र पुढं वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

पुढच्या पानाच्या माथ्याला भोक होतं. कसरीनं आजूबाजूला शाबूत ठेवून नेमकी तेवढी ओळ खाल्लेली. खाली पुढची ओळ धडधाकट उभी:

‘ऐकुन ऐसे वळला मागे, पुन्हा न दिसला दारी.’

धरणेंद्रांनी ती वाचली. मग भोक वर करून सगळ्यांना दाखवलं.

बस्तीत एकच गलका झाला. म्हणजे ती असं काय बोलली, की बारा वर्षांनी आलेला माणूस दारातून परत गेला? आप्पा म्हणाले, त्यानं मोहिमेवरून काय आणलं ते तिनं विचारलं असणार, आणि त्यानं काही आणलेलं नसणार. उपाध्ये म्हणाले, तिनं संसार असार आहे असा उपदेश केला असणार. इन्स्पेक्टर मागून काहीतरी कन्नडमध्ये म्हणाला, ते कुणी ऐकलं नाही.

“अण्णा, तुमी सांगा!” आप्पा म्हणाले. “अर्थ तुमी लावताय.”

चोळीचा लावला होता, घोड्याचा लावला होता. भोकाचा अर्थ धरणेंद्रांना लावता येईना. त्यांनी बायकोकडं बघितलं. तिचा चेहरा असा पडला होता की त्यांना स्वतःला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ती म्हणाली असंल,” बायकांच्या बाजूनं आवाज आला, “दिवस मावळलाय. आता ताट वाढता येत न्हाय. उजेडी यायचं हुतं.”

आक्का बोलत होत्या. डोळे उघडे होते.

तिथं बसलेल्या प्रत्येकाला आक्कांचा नवरा माहीत होता, त्याच्या दीक्षेचा सोहळा माहीत होता. त्या सोहळ्यापासून आजपर्यंत आक्कांनी चार माणसांत एवढं मोठं वाक्य बोललेलं कुणाला आठवत नव्हतं. आप्पांनी मान खाली घातली. धरणेंद्रांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या खेपेला तंबाखूचा काही संबंध नव्हता.

मग आप्पा खाकरले. “आक्का, पर ह्ये शास्तरात...”

“शास्तर न्हवंच ते, आप्पा,” आक्का उठत म्हणाल्या. “मला पयल्या दिवसापास्नं ठावं हाय. बाईच्या जातीला कळतंय चोळी कशानं सैल हुती ते. धरण्या, घरला घे पुस्तक. मला पयल्यापास्नं वाचून दाव. आन् अर्थ सांगू नगंस.”

उपाध्ये आप्पांकडं बघायला लागले. आप्पांनी खूप विचार केला, मग वेष्टन तेवढं सोडून ठेवून घेतलं आणि पुस्तक धरणेंद्रांच्या हातात दिलं. फेटा परत मागायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणेंद्र सोप्यात खळीची वाटी घेऊन बसले. भोकाला पातळ कागदाचं ठिगळ लावलं, वाळू दिलं, आणि बोरू शाईत बुडवला. चंदनाताई शेजारी बसल्या. आक्का पलीकडं तांदूळ निवडत होत्या.

“आक्का, सांग बघू परत.”

आक्कांनी सांगितलं. धरणेंद्रांनी बोटांवर मात्रा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

“वृत्तात बसत न्हाई, आक्का. लई होतंय. यातलं काय काढू?”

आक्कांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. “त्यातलं काय काढायचं ते सगळं काढूनच सांगितलंय, रं,” त्या म्हणाल्या.

धरणेंद्रांनी मग अक्षर बारीक केलं आणि ओळ होती तशी लिहिली. ती ठिगळात मावली नाही, समासात गेली.